अडीच नवऱ्या

गंगाखेडच्या मुंजाजी ठेकेदाराकडून घेतली तेव्हा
पांढरीफेक होती, उन्हात डोळे दिपवणारी.
तिसरी मालकीण मी. दोन लाख ऐंशी.
मागच्या काचेवर खरवडून उरलेलं अर्धं 'साहेब',
बॉनेटवर झेंड्याच्या दांडीचं भोक.
पहिल्याच आठवड्यात पाथरीच्या नाक्यावर
हवालदारानं सलाम ठोकला.
आत मी, आणि शेजारच्या सीटवर
माझी मेकअपची पेटी.

वांग कशाखाली लपतो, पुटकुळी कशी बुजते,
बावीस वर्षं हेच करत आलेय.
आणि मलाच दिसली नाही
डाव्या दाराखाली बोटभर जाडीची पुट्टी.
खय्यूम मिस्त्री पत्र्यावर टिचक्या मारत गेला,
टण, टण, टण,
मग एके ठिकाणी भद्द.
"बाई, हिचा मेकअप झालेला हाय."

तेव्हापासून हिशोब नवऱ्यांत मांडते.
सेलूत एका नवरीचे सहा हजार, हळदीसकट.
क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी: अडीच नवऱ्या.
अर्धी म्हणजे करवली.
टर्बो शिट्टी मारायला लागला: पाच.
विमा: दोन, गाडी जागची हलली नाही तरी.
टायरांना पाच नवऱ्या आणि वर एक साखरपुडा.
बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट
हे तर वऱ्हाडी,
येतात, जेवतात, पुन्हा येतात.

पार्टच्या दुकानात विचारतात, गाडी कोणाची?
माझी, म्हणते.
मग ते माझ्या मागं बघतात,
अजून कुणी येतंय का.

मे महिन्यात जालन्याचं लग्न, बारा पस्तीसचा मुहूर्त.
मंठ्याच्या पुढं काटा चढला, चढतच गेला,
आणि बॉनेटखालून वाफेचा फुत्कार.
पाइप फाटलेला.
दीपमाला रडायलाच लागली, "ताई, आता कसं व्हायचं वं?"
चिकटपट्टी गुंडाळली, वरून गंगावन आवळलं,
दोन फेरे, तिसरा फेरा, निरगाठ.
गुलाबपाणी सोडून जवळचं सगळं पाणी
तिला पाजलं.
चाळीसच्या वेगानं, काचा खाली, हिटर चालू,
कुणीतरी सांगितलेलं की हिटर लावला की इंजिन निवतं.
आम्ही मात्र उकडून निघालो.
त्या नवरीला शेवंती दुप्पट माळली.
कुणाला कळलं नाही
तिचे अर्धे केस कुठं गुंतलेत ते.

आषाढ लागला की तिथ्या संपतात.
गाडी निंबाखाली उभी, बॅटरी उतरते,
सीटखालची वायर उंदीर खातात.
केरबा म्हणतो, अक्का, देऊन टाक भंगारात.
भंगारवाला साठ हजार द्यायलाय,
दहा नवऱ्या, एका हातात, एकाही चेहऱ्याला हात न लावता.
त्या रात्री मी वहीत दोनदा बेरीज केली.
मग मागचं दार उघडून बसले
दिव्याचे आरसे, साड्यांच्या बॅगा, स्टँड, खुर्ची
जिथं ठेवते तिथं.
यष्टीत हे सगळं चढवायचे मी आधी.
कंडक्टर म्हणायचा, अर्धं तिकीट लागंल आरशाला.

पंधरा वर्षं झाली म्हणून परभणीला पुन्हा पासिंग.
फी, हरित कर, धुराचा कागद, एजंटाचा चहा.
खय्यूमला सांगितलं, पुट्टी नको,
गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोड.
आठ नवऱ्या गेल्या.
रांगेत उभी राहिले ऊन डोक्यावर घेऊन,
पोरीकडची माणसं उभी असतात तशी.

साहेब आले. भोवती एक फेरी.
दिवे, वायपर, डावा, उजवा.
डाव्या दारापाशी वाकले, टिचकी मारली.
टण.
माझा श्वास सुटला.

"बरं. हॉर्न वाजवा."

दाबला.
पुन्हा दाबला.
सकाळपर्यंत वाजत होता, आईच्यान.